होडीवर गळ हातात घुसला तर: काढायचा कधी, कसा आणि कधी मुळीच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: किनाऱ्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर गरवत असताना गळ हातात घुसला, उलट्या काट्यासकट आत गेला, तर तो होडीवरच काढावा की तसाच ठेवून परत फिरावं? काढायचा तर कसा, आणि त्यासाठी सोबत काय सामान असावं?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत हाताचंही बोट आणि पाण्यावरचीही बोट. 'बोटीत गळ' आणि 'बोटात गळ' यांत फक्त काना-वेलांटीचा फरक, म्हणून इथे पाण्यावर चालते ती होडी आणि बोट म्हणजे फक्त हातापायाचं. गळाच्या भागांची नावंही ठरवून घेऊ: दोरी ओवतात ते नेढं, त्याखालची सरळ दांडी, मग बाक, शेवटी टोक. टोकापासून दोन-चार मिलिमीटर मागे, दांडीकडे तोंड करून कोरलेला असतो तो उलटा काटा. सगळं भांडण या काट्याशी आहे. तो नसता तर गळ ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं बाहेर आला असता.

आता उत्तर. गळ घुसणं ही बहुतेक वेळा घाईची दुखापत नसतेच. रक्त फारसं जात नाही, कारण गळच त्या भोकात बुचासारखा बसलेला असतो. तो आणखी तीन तास आत राहिला तर दुखेल, सूज येईल, पण सहसा याहून जास्त काही बिघडत नाही. बिघडतं ते पहिल्या दोन मिनिटांत घाबरून केलेल्या ओढाताणीनं: काटा मांसात आडवा फिरतो, कधी शिरेला (इथे शीर म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, रक्तवाहिनी नव्हे) अडकतो, कधी टोक आत तुटतं. त्यामुळे 'कसा काढू' याआधी 'काढू का' हे ठरवायचं, आणि त्याच्याही आधी दुखापत वाढणं थांबवायचं.

पहिली गोष्ट म्हणजे दोरी कापणं. गाठ सोडवत बसू नका. गळापासून वीतभर अंतरावर दोरी तोडा. दोरीला ताण असेपर्यंत प्रत्येक लाट गळ थोडा थोडा ओढत असते. पलीकडे मासा जिवंत असेल आणि तीनतोंडी गळाचं एक तोंड माशात, दुसरं हातात असेल, तर तो प्रसंग सगळ्यांत वाईट. एकानं मासा ओल्या फडक्यात गुंडाळून तळाशी घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्यानं माशाच्या बाजूचं तोंड कापायचं किंवा कृत्रिम आमिषाला गळ जोडणारी कडी उघडून गळ सुटा करायचा. मासा वाचवण्याचा विचार त्या क्षणी करू नये.

मग इंजिन न्यूट्रल, होडीचं तोंड लाटांकडे, आणि जखमी माणूस तळाशी बसलेला, कडेला नाही. रक्तापेक्षाही गळ आत शिरलेला पाहून माणसं चक्कर येऊन पडतात, आणि होडीवर पडणं म्हणजे पाण्यात पडणं असू शकतं. लाइफ जॅकेट अंगावरच राहू द्या. त्या हातातली अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा. अर्ध्या तासानं सूज आली की अंगठी कापावी लागते. बाकीची मोकळी टोकं, म्हणजे तीनतोंडी गळाची उरलेली दोन तोंडं, कापून टाका किंवा त्यांवर बूच खोचून चिकटपट्टी गुंडाळा. हे विसरलं की गळ झटक्यानं निघतो आणि दुसरं तोंड मदत करणाऱ्याच्या तळव्यात शिरतं.

आता तपासणी, आणि ती गळ काढण्याआधीच. नंतर केली तर बिघाड गळानं केला की आपण, ते कळत नाही. जखमेच्या पलीकडच्या बोटाच्या टोकाला दोन्ही कडांनी हळूच स्पर्श करून विचारा, दोन्हीकडे सारखं कळतं का. बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वाकवायला आणि सरळ करायला सांगा. नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बधिरपणा असेल, एखादा सांधा हलत नसेल, बोट फिकट किंवा गार असेल तर गळाला हात लावू नका. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना गळ कोणत्या दिशेनं आणि किती आत होता ते त्यावरून कळतं.

कुठे काढायचा नाही, याबाबत मात्र तडजोड नाही. डोळा, पापणी आणि डोळ्याभोवतीचा भाग; मान; मनगटाची आतली बाजू; गुप्तांग; कोणताही सांधा; जिथे टोक हाडाला टेकल्यासारखं जाणवतं ती जागा; आणि जिथून ठोक्याठोक्यानं लाल रक्त येतं ती कोणतीही जागा. तळव्यात खोलवर गेलेला गळही याच यादीत, कारण तिथे बोटं वाकवणाऱ्या शिरा आणि नसा अगदी दाटीनं असतात. लहान मूल हात स्थिर ठेवू शकत नसेल तर तेही. किनारा तासाभरावर असेल तर कुठलाही गळ होडीवर काढण्यात अर्थ नाही. डॉक्टर भूल देऊन पाच मिनिटांत काढतात.

न काढता परतायचं तर गळ हलू द्यायचा नाही. दांडी शक्य असल्यास आखूड कापा (बाहेर निदान दोनेक सेंटिमीटर राहू द्या, डॉक्टरांना पकडायला काहीतरी हवं), दोन्ही बाजूंना गॉजच्या गुंडाळ्या रचून मध्ये गळ ठेवा आणि वरून पट्टी बांधा. हात छातीच्या उंचीवर, झोळीत.

डोळ्यात गळ असेल तर नियमच वेगळे. दोरी काप, आमिषाचं वजन सोडव, एवढंच. गळाला स्पर्श नाही, पाणी मारणं नाही, पट्टीचा दाब तर मुळीच नाही. कागदी पेला, त्याची कड डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर टेकेल असा उपडा ठेवून चिकटपट्टीनं कपाळाला आणि गालाला चिकटवा. पेल्याला आतून गळ टेकत असेल तर मोठा पेला घ्या. डोकं उंच ठेवून बसवा किंवा अर्धवट आडवं करा. एक डोळा फिरला की दुसराही फिरतो, म्हणून चांगला डोळाही मिटून ठेवायला सांगा. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून खायला-प्यायला देऊ नका. उलटी आली तर डोळ्याच्या आतला दाब वाढतो, त्यामुळे होडी वेगानं आपटत नेण्यापेक्षा सावकाश नेलेली बरी. इथे मदत मागायला संकोच करू नये: व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर 'पॅन-पॅन' (तातडीची मदत हवी असल्याचा संकेत) तीनदा उच्चारून होडीचं नाव, ठिकाण, किती माणसं आणि काय दुखापत ते सांगा. जीव धोक्यात असेल, म्हणजे मानेतून रक्त थांबत नसेल किंवा श्वास अडत असेल, तर 'मेडे'.

उरतात ते गळ: बोटाचा मांसल भाग, हाताची पाठ, दंड, पोटरी, मांडी, पाठ, डोक्याची कातडी. टोक कातडीखाली फार खोल नाही, स्पर्श आणि हालचाल ठीक आहे, किनारा लांब आहे. यांच्यासाठी चार पद्धती आहेत. चारही काट्याला चुकवण्याच्याच युक्त्या आहेत.

पहिली, साधी उलटी ओढ. दांडी कातडीकडे दाबायची, म्हणजे काटा ज्या मांसात रुतलाय त्यातून किंचित सुटतो, आणि ज्या गोलाईनं गळ आत गेला त्याच गोलाईनं मागे आणायचा. काटा नसलेल्या किंवा आधीच चेपलेल्या गळासाठी ही उत्तम. अडल्यासारखं वाटलं की थांबायचं. जोर लावून ही पद्धत यशस्वी होत नाही, जखम मात्र मोठी होते.

दुसरी दोरीच्या झटक्याची, आणि होडीवर सर्वांत उपयोगाची हीच. भूल लागत नाही, नवीन भोक पडत नाही. पण ती अर्धवट केली तर फसते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

अर्धा-पाऊण मीटर मजबूत दोरी घ्या, निदान ०.५ मिलिमीटर जाडीची. बारीक दोरी झटक्यात तुटते आणि माणूस दुसऱ्यांदा हात पुढे करत नाही. दोरी दुमडून तिचा फास गळाच्या बाकाच्या मध्यावर बसवा, दांडीवर नाही. दोन्ही टोकं पकडीच्या दांड्याला किंवा लाकडी काठीला गुंडाळा. उघड्या बोटांवर दोरी गुंडाळली तर तुमचं बोट कापतं. जखमी हात सपाट, न हलणाऱ्या जागेवर टेकवा, बाकड्यावर किंवा बर्फपेटीच्या झाकणावर, आणि तिसऱ्या माणसानं तो वरून घट्ट धरावा. हात हवेत तरंगत असेल तर झटका गळाला न बसता हातालाच बसतो. आता दुसऱ्या हाताच्या बोटानं दांडी नेढ्याच्या बाजूनं कातडीवर दाबा, ती कातडीला जवळजवळ समांतर होईपर्यंत. या दाबानंच काटा सुटतो. हा दाब नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. दोरीचा ढिलेपणा काढा. झटक्याची दिशा कातडीला समांतर, नेढ्यापासून दूर, म्हणजे नेढ्याकडून बाकाकडे जाणारी रेषा पुढे वाढवल्यासारखी. मग एकच झटका, वीतभर पुढे जाईल असा, मध्येच न आवरता.

चुका ठरलेल्या असतात. वरच्या दिशेनं ओढणं: काटा मांस फाडतो. हळू ओढणं: दुखतं सगळं, निघत काहीच नाही. झटक्याच्या क्षणी दाब सुटणं: काटा पुन्हा रुततो. 'तीन म्हटल्यावर ओढतो' असं सांगितलं तर माणूस तीनला आकसतो. 'दोन'लाच ओढणं योग्य. आणि गळ निघाला की तो सुटलेल्या गोफणीसारखा उडतो, म्हणून त्या रेषेत कोणीही उभं नको आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा हवा. दोनदा करून निघाला नाही तर तिसऱ्यांदा करू नका, बांधा आणि परता. कानाची पाळी, ओठ यांसारख्या लोंबत्या भागांवर ही पद्धत चालत नाही, तिथे दाबायला मागे काही टणक नसतं. टोक आत वळलेल्या गोल गळावरही ती बऱ्याचदा अडते, कारण त्याचं टोक दांडीच्या दिशेनं वळलेलं असतं आणि सरळ ओढीला ते साथ देत नाही.

तिसरी सुईची. मोठा गळ, पण वरवर रुतलेला. १८ गेजची निर्जंतुक सुई गळाच्याच भोकातून, गळाला लगटून, तिरक्या कापाचं तोंड बाकाच्या आतल्या बाजूकडे ठेवून आत सरकवायची. सुईची पोकळी काट्याच्या टोकावर टोपीसारखी बसली की दोन्ही एकत्र मागे आणायचे. ऐकायला सोपी, पण काटा दिसत नसतो आणि होडी डोलत असते. ज्याचा हात सुईला सरावलेला आहे त्यानंच करावी.

चौथी पुढे ढकलण्याची. टोक पलीकडच्या कातडीखाली टोचल्यासारखं दिसत असेल, तर गोलाई धरून ते पुढे ढकलून बाहेर काढायचं, काट्याच्या मागे कापायचं आणि उरलेला गळ आल्या वाटेनं मागे घ्यायचा. ही जवळजवळ नेहमी यशस्वी होते, म्हणून तिचा मोह पडतो. पण ती निरोगी मांसात नवा बोगदा पाडते आणि भुलीशिवाय फार दुखते. म्हणून टोक खरोखरच कातडीला टेकलेलं असेल तरच. दांडीवरही काटे कोरलेले आमिषाचे गळ मिळतात, त्यांना मागे घेता येत नाही. त्यांचं नेढं कापायचं आणि सगळा गळ पुढूनच ओढून घ्यायचा. कापताना तुकडा गोळीसारखा सुटतो, वर ओलं फडकं धरा.

दुखणं कमी करायला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं पुरेसा होतो; थेट कातडीवर नको. गोळी द्यायची तर प्रौढाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या वर नाही. यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर ही गोळीही डॉक्टरांना विचारूनच. ॲस्पिरिन नको, रक्त थांबायला वेळ लागतो. दारू तर नकोच.

गळ निघाला की आधी गळाकडे बघा, जखमेकडे नंतर. पेटीतला तसाच दुसरा गळ काढून शेजारी धरा: टोक आहे का, काटा आहे का? टोक तुटून आत राहिलं असेल तर एक्स-रे लागेल. जखमेतून थोडं रक्त वाहू द्या. मग पिण्याच्या पाण्यानं धुवा, अर्धा लिटर तरी, आणि साबणानं भोवतालची कातडी. समुद्राचं खारं पाणी जखम साफ करतं हा समज चुकीचा आहे. त्यातच जंतू असतात, नदी-तळ्यातही असतात. सिरिंजनं पाणी जखमेवरून सोडा, पण सिरिंजचं तोंड भोकात खुपसून जोरानं मारू नका, घाण आणखी आत जाते. पोव्हिडोन-आयोडीन भोवतालच्या कातडीला. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट आत ओतल्यानं बरं व्हायचं मांसच जळतं. भोक शिवायचं नाही, गोंद लावून बंदही करायचं नाही: खोल आणि अरुंद जखम वरून मिटली की आत पू साठतो. वर कोरडं गॉज, सैल पट्टी, भिजली की बदलायची.

धनुर्वाताचं. गंजामुळे धनुर्वात होतो असं सर्रास म्हणतात. तो होतो जंतूंमुळे, त्यामुळे नवाकोरा चकचकीत गळही तितकाच संशयास्पद. लसीचा मूळ कोर्स पूर्ण असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षांहून जास्त झाली असतील तर अशा मळलेल्या, टोचलेल्या जखमेनंतर बूस्टर घ्यायचा. कोर्स अपुरा असेल किंवा आठवतच नसेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. किनाऱ्यावर उतरल्यावर पुढे ढकलू नका.

प्रत्येक गळाच्या जखमेला अँटिबायोटिक लागत नाही. मधुमेह, यकृताचा आजार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, किंवा जखम शिरेपर्यंत, कुर्चेपर्यंत गेलेली असेल तर मात्र गळ सहज निघाला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे. कोमट समुद्रातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू यकृताच्या रुग्णांत काही तासांत पसरतो: लाली भराभर वाढते, जांभळे फोड येतात, ताप आणि थंडी भरते. म्हणून लालीच्या कडेला पेनानं रेघ मारून वेळ लिहा. दर दोन तासांनी बघा. गोड्या पाण्यात एरोमोनास असतो. मासे हाताळणाऱ्यांच्या बोटावर दोन ते सात दिवसांनी जांभळट-लाल, खूप ठणकणारी सूज येते ती एरिसिपेलोथ्रिक्सची. मायकोबॅक्टेरियम मरीनम तर दोन-चार आठवड्यांनी गाठीच्या रूपानं वर येतो, तेव्हा गळ विसरलेला असतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: 'माशाचा गळ लागला होता, खाऱ्या (किंवा गोड्या) पाण्यात.' औषधाची निवड त्यावर अवलंबून असते.

बोटाची एक खूण स्वतंत्र सांगायला हवी. बोट सगळीकडून सारखं सुजलं, किंचित वाकलेलं राहतं, तळव्याच्या बाजूनं संपूर्ण लांबीवर दाबलं की दुखतं, आणि दुसऱ्यानं ते हलकेच सरळ केलं तर जीव जातो: या चार गोष्टी म्हणजे शिरेच्या आवरणात संसर्ग. त्यातली एक दिसली तरी सकाळची वाट पाहू नका. उशीर झाला तर बोट कायमचं आखडतं.

जाता जाता, गळ नव्हे पण त्याच वेळी होणारी दुखापत: माशाचा विषारी काटा. गळ सोडवताना टोचलेलं असतं आणि वेदना जखमेच्या मानानं फारच जास्त असते. तिथे बर्फ नको, गरम पाणी हवं, सुमारे ४५ अंश सेल्सिअस, ३० ते ९० मिनिटं, कारण ते विष उष्णतेनं निष्प्रभ होतं. पाणी आधी चांगल्या हातानं तपासा, दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. आणि मोठा मासा वर ओढायचा आकडा मांडीत शिरला तर ती वेगळ्या वर्गातली जखम. आत असेल तर काढू नका. निघून आला असेल तर गॉज भरून, उचलून न पाहता, १० मिनिटं दाबा. तरीही फवारा थांबला नाही तर जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा टाळून, टुर्निके (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) बांधा, आणि त्यावर वेळ लिहा.

सामानात सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे कटर, आणि नेमकी तीच चुकीची घेतली जाते. गळाचं पोलाद कडक असतं. साध्या पकडीच्या धारेला खाच पडते, गळ मात्र तसाच राहतो. लहान बोल्ट कटर किंवा जाड तारेचा साइड कटर घ्या आणि निघण्याआधी तुमच्याकडचा सर्वांत जाड गळ, ५/० मापाचा असेल तर तो, त्यानं खरंच कापून बघा. खाऱ्या हवेत तो महिनाभरात गंजून जाम होतो, तेलाचा बोळा मारून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. बाकी: लांब नाकाची पकड, मजबूत दोरीचा तुकडा आधीच कापलेला, दोन जोड्या हातमोजे, दोन संरक्षक चष्मे, १० बाय १० सेंटिमीटरचं गॉज, रोलर पट्टी, पाण्यात टिकणारी चिकटपट्टी, २० मिलिलिटरची सिरिंज, पोव्हिडोन-आयोडीन, त्रिकोणी पट्टी, टुर्निके, कागदी पेले, पेन, हेडलॅम्प आणि फक्त जखमेसाठी राखलेली दोन लिटर पाण्याची बाटली. सगळं पाणी न शिरणाऱ्या एका डब्यात, आणि तो डबा कुठे आहे ते होडीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं. ज्याला माहीत आहे त्याच्याच हातात गळ घुसलेला असू शकतो.

यातलं बरंच टाळता येतं ते पकडीनं काटा चेपून. एका गळाला पाच सेकंद लागतात. दोरी ताणलेली ठेवली तर मासे फारसे निसटत नाहीत, आणि हातात घुसलेला गळ पहिल्याच पद्धतीनं निघतो. फेकताना मागे बघा. मासा सोडवताना बोटं नव्हे, पकड वापरा. तडफडणारा मासा तीनतोंडी गळ फिरवतो तो थेट अंगठ्यात. आणि गळ खडकात अडकला तर काठी वाकवून ओढू नका: काठी सरळ दोरीच्या रेषेत धरा, तोंड फिरवा, मागे चालत जा. तसा सुटलेला गळ दोरीच्या रेषेतच परत येतो, आणि त्या रेषेच्या टोकाला बहुतेक वेळा चेहरा असतो.